वर मागून घेतलेले बुंधे

सौदा ठरला, हातावर हात पडला, की मी एक प्रश्न विचारायचो, "आता वर काय घालता?" समोरचा हसायचा, चिडायचा, कपाळाला हात लावायचा, पण काही ना काही घालायचाच. चार फाटे, एखादा ओंडका, वाळक्या काटक्यांचा भारा. माझ्या वखारीतलं बरंच लाकूड असं फुकट आलेलं होतं आणि पैसे देऊन घेतलेल्या लाकडापेक्षा मला त्याचा अभिमान जास्त होता. मी कोल्हापुरात आलो तेव्हा माझ्याजवळ एक कुऱ्हाड होती, तीसुद्धा मागून आणलेली. मंगळवार पेठेत दारोदार फिरून बंबाची लाकडं फोडून द्यायचो. त्यातून हातगाडी झाली, मग भाड्याची वखार, मग स्वतःची. अशा रीतीनं वर आलेला माणूस फुकटचं सोडत नाही.

याच प्रश्नापायी मी एका बाईची बाग मारायला निघालो होतो. बाग वाचली ती तिनं वाचवली. लोक आजही ही गोष्ट सांगताना भलत्याच माणसाला शहाणं ठरवतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. कोल्हापुरात माझी वखार चांगली चालली होती. बेकरीवाले, हॉटेलवाले, लग्नाचे आचारी, सगळे माझ्याकडं यायचे. मग मी आजऱ्याला हातपाय पसरले. तिथं काजू भाजणाऱ्यांच्या भट्ट्यांना बारा महिने लाकूड लागायचं. गावाबाहेर आंबोलीच्या रस्त्याला मी एक पडीक जागा खंडानं घेतली आणि लाकडं रचायला लागलो. जागेला लागून मुरमाचा उतार होता आणि त्या उतारावर आक्काची काजूची बाग.

तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. माहेर घाटाखालचं, कोकणातलं. नवरा लवकर गेला, तेव्हा ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसली. टरफलाच्या तेलानं तिची बोटं कायमची काळी पडली होती, कातडी सोललेली असायची. तसल्या हातांनी तिनं शंभरभर रोपं लावली होती आणि पहिले दोन उन्हाळे ओढ्यातून घागरीनं पाणी आणून जगवली होती. मी तिथं गेलो तेव्हा झाडांनी नुकतं भरघोस धरायला सुरुवात केली होती आणि तिनं कारखान्यात जायचं बंद केलं होतं. त्या बागेशिवाय तिला दुसरा आधार नव्हता.

आमची ओळख भांडणानंच झाली. मी बांधाला टेकून लाकडं रचली होती. ती कोयता घेऊन आली.

"कुणाला इचारून रचलं हे, पावणं?"

"बांध काय तुमच्या एकटीचा हाय व्हय?"

"निम्मा माझा, निम्मा तुमचा. तुमची लाकडं माझ्या निम्म्यावर बसल्यात."

"मग भाडं घ्या की."

"भाडं नको. फोडताना साली पडतील, ढलप्या पडतील, त्या माझ्या. आनि राख."

"साली घ्या, राख घ्या. ढलप्या न्हाय मिळायच्या. ढलप्या बंबाला जात्यात कोल्हापूरला."

"मग लाकडं उचला."

अर्धा तास आम्ही बांधाच्या दोन बाजूंना उभं राहून घसा कोरडा केला. मी दोनदा पाठ फिरवून चाललो. ही माझी हुकमी चाल. माणूस मागून हाक मारतोच. तिनं हाक मारली नाही, मलाच परत यावं लागलं. शेवटी साली, ढलप्या, राख, तिन्ही तिला द्याव्या लागल्या. मी वळणार एवढ्यात ती म्हणाली, "आनि वर काय घालता?"

बाईनं गावात माझी चौकशी करून ठेवली होती. एक पाटी कोळसा घालून मी सुटलो.

साली आणि ढलप्या ती चुलीत घालत नसे. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती गोल पसरायची, म्हणजे उन्हाळ्यात मुरमाची ओल टिकते. माझ्या वखारीचा केरकचरा तिच्या बागेचं पांघरूण झाला होता.

माझा ट्रक चाचा चालवायचे. गडहिंग्लजकडचे, मुसलमान, माझ्याकडं सुरुवातीपासून. मी इतरांवर जेवढा ओरडायचो त्याच्या चौथाई त्यांच्यावर ओरडायचो, कारण ते उत्तर देत नसत आणि उत्तर न देणाऱ्यावर ओरडण्यात मजा नसते. गाडी कोल्हापूरचा गूळ घेऊन सावंतवाडीकडं उतरायची आणि पुष्कळदा रिकामी परत चढायची. रिकामी गाडी घाट चढताना बघितली की मी डिझेलचा हिशेब मांडत बसायचो.

त्या वर्षी होळी होऊन चार दिवस झाले होते. मी स्वतः गाडीबरोबर उतरलो होतो. परत येताना घाटाच्या अलीकडं रस्त्याकडेला काजूची बाग दिसली. निम्मी झाडं पानं गाळून उभी, बाकीची तोडून पाडलेली. मालक घाम पुसत बसला होता. बाजूला खोडांचा एक ढीग आणि मुळांसकट उपटलेल्या बुंध्यांचा दुसरा.

मी गाडी थांबवायला लावली.

"लाकूड द्यायचंय काय?"

"विकूचा नाय," तो म्हणाला. "जाळूचा आसा."

"जाळायचंच हाय तर मला द्या की. मी बी जाळायलाच नेतोय."

त्यानं मान हलवली. "झाडां मेलेली आसत. हयच जाळूक व्हया."

इथंच जाळायला हवीत, म्हणे. आता मला कोणी सांगावं, की यात काही वेगळं ऐकायला हवं होतं? भाव वाढवायला माणसं काय काय बोलतात ते मी जन्मभर ऐकत आलो होतो. द्यायचं नाही, विकायचं नाही, बायको ओरडेल, देवाचं झाड आहे. मी त्याचं बोलणंही त्यातच जमा केलं. एक भाव सांगितला, पाठ फिरवून गाडीकडं चाललो. त्यानं हाक मारली. खोडं पडत्या भावात मिळाली.

मग मी बुंध्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "आणि हे वर घाला."

"ते नको नेव."

"का? सोनं पुरलंय काय त्यात?"

तो हसला आणि हात झटकून म्हणाला, "व्हरा तर व्हरा." न्यायचे तर न्या. ते हसू पुढं किती वर्षं माझ्या डोक्यात बसलं होतं.

बुंधे चढवताना चाचांनी एका बुंध्यावर हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढं धरला. त्यावर तांबूस भुसा होता, रवाळ, ओलसर.

"शेट, ह्यात जीव हाय."

"असू दे की. भट्टीत घातल्यावर काय ऱ्हातंय?"

"लाकूड वाळून भट्टीपतूर जायाला दोन म्हैने हैत. तवर कुटं ऱ्हानार ह्यो?"

"चाचा, गाडी तुमची का माझी?"

त्यांनी तळवा विजारीला पुसला आणि गाडी चालू केली. घाट चढताना भरलेल्या गाडीचा आवाज ऐकत मी मजेत बसलो होतो.

आजऱ्याला पोचल्यावर सगळा माल उतरवून घेतला. बुंधे जड, म्हणून जवळात जवळ, म्हणजे बांधाला लागून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का पाटी घेऊन साली गोळा करायला आली. मी खुर्ची टाकून चहा पीत होतो. तिनं एक सालपट उचललं, नाकाजवळ नेलं आणि पाटी खाली टाकली.

"हे कुटनं आणलं?"

"घाटाखालनं. का?"

जो बुंधा हलवायला मला दोन हमाल लागले होते तो तिनं एकटीनं कलता केला. मुळाशी काळा डिंक वाळून घट्ट झाला होता आणि भेगांमधून तो तांबडा भुसा बाहेर आला होता. तिनं कोयत्याचा एक घाव घालून साल उचकटली. आत करंगळीएवढी पांढरी अळी वळवळत होती. तिनं ती ठेचली. आणखी खाली उकरलं, तर चुन्याचा खडा असावा तसं पांढरं, लांबट काहीतरी निघालं. कोयत्याच्या पाठीनं तिनं ते दाबलं. अंड्याच्या कवचासारखं फुटलं. आत तपकिरी भुंगा, अंगापेक्षा लांब मिश्या मागं दुमडून बसलेला. तो पाय हलवायला लागला.

"रोठा," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "माझ्या बापाची बाग ह्यानं खाल्ली. पैलं एक झाड पिवळं पडलं. बानं तोडलं आनि बांधाला रचून ठिवलं, पावसात चुलीला हुईल म्हणून. दुसऱ्या साली सात झाडं गेली. ती बी रचून ठिवली. लाकूड कोन टाकून देतंय? जपून ठिवलं, आनि त्यातनंच हे उडत ऱ्हायलं. सहा सालात बाग संपली. लगीन होऊन घाट चढून हितं आले, तवा बगितलं, हितल्या झाडास्नी ह्यो न्हाय. म्हणून काजू लावलं. आनि तुमी गाडीत बसवून आणलासा."

"बरं, आणलं. आता काय करू?"

"आज जाळा. सगळं. उन्हं तापली की हे भायेर पडत्यात. दिवस हेच हैत."

आता मला वाटतं, तिथंच हो म्हणायला हवं होतं. पण माझा पिंड तसा नाही. मी भाव करायला बसलो. निम्मं जाळू. बरं, साली काढून जाळू, लाकूड ठेवू. बरं, बुंधे जाळतो, खोडं ठेवतो. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बाई, तुमच्या चार झाडांपायी मी पैसे टाकून आणलेला माल जाळू?"

"ह्या बुंध्यांला किती पैसे टाकलासा?"

मी कपातला गार चहा तोंडाला लावला.

"वर मागून घेतलंसा, व्हय की न्हाय?"

हमाल ऐकत होते. एक जण तोंड फिरवून हसला. ते हसू मला सोसलं नाही. मी ओरडलो, "भरा रे गाडी! कोल्हापूरला नेतो. तुमच्या नजरंसमोर नको ना? न्हाय ऱ्हायचं."

"आनि वाटंत उत्तूरला चा प्याला थांबलासा, तर तितल्या कुणाच्या बांधावर उडंल," ती म्हणाली. "कोल्हापुरात काय झाडं न्हाईत?"

मी ऐकलं नाही. रागाच्या भरात स्वतःच एक लहानसा बुंधा छातीशी धरून उचलला. चार पावलं गेलो असेन, तर मनगटाजवळ गुदगुल्या झाल्या. शर्टाच्या बाहीवर भुंगा चालत होता. मी हात झटकला. तो खाली पडेल असं वाटलं होतं. तो पडला नाही. पंख उघडले, जड गाडी चढाला लागावी तसा घुरघुरत वर गेला आणि बांध ओलांडून बागेत उतरला.

आक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी उत्तर देऊ शकतो. ती नुसती वळली, बागेत गेली आणि ज्या अंगाला तो उतरला होता तिकडच्या पहिल्या झाडाखाली गुडघे टेकून बसली. बुंध्याभोवतीची एकेक ढलपी उचलून बघायला लागली.

मी बुंधा टाकला आणि बांध ओलांडला. का ते मला सांगता येणार नाही. तिच्या शेजारी बसलो आणि मीही ढलप्या उचलायला लागलो. मागून चाचा आले. ते पुढच्या झाडाखाली बसले.

त्या दिवशी मला कळलं, की मी तिला दोन वर्षं काय पुरवत होतो. प्रत्येक झाडाखाली माझ्याच वखारीच्या साली आणि ढलप्या. एकेका ढलपीखाली असला भुंगा आरामात दडेल. आम्ही तिघांनी सूर्य डोक्यावर येईपर्यंत वीसेक झाडांखालची जमीन साफ केली. माझं धोतर मातीनं लाल झालं, गुडघे मुरमानं सोलले. रस्त्यानं जाणारा एक जण ओरडला, "शेट, काय हरवलंय? आंगठी काय?" मी पुढची ढलपी उचलली.

तो सापडला नाही.

आक्का उठली, पदरानं तोंड पुसलं. "एक गेला," ती म्हणाली. मग बांधापलीकडच्या ढिगाकडं हात केला. "तितं किती हैत?"

मग ती जे बोलली ते मी अजून विसरलो नाही.

"बांध तुमाला तसाच देते. साली नको, ढलप्या नको, राख नको. कवाच काय मागनार न्हाय. फकस्त हे जाळा. आनि वर काय घालू, तेबी सांगा."

मी हजारो सौदे केले. कुणीही माझ्यासमोर स्वतःच्या विरुद्ध बोली लावली नव्हती. तिच्याजवळ जे होतं ते सगळं ती मांडत चालली होती आणि वर अजून काय देऊ म्हणून विचारत होती. माझाच प्रश्न, पण तिच्या तोंडून तो ऐकताना मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "काही नको आक्का. पेटी द्या."

काडेपेटी तिच्या कमरेलाच होती.

पण व्यापारी माणूस एकदम संत होत नाही. ढिगाकडं जाताजाताच माझ्या डोक्यात आलं, की रस्त्यापलीकडं तीनशे पावलांवर काजूची भट्टी आहे. बुंधे भट्टीच्या तोंडात जायचे नाहीत, पण खोडं जातील. आजच्या आज जळाली म्हणजे झालं. आक्काला विचारलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "दिवस मावळायच्या आत. एक फाटा बी शिल्लक ऱ्हाता कामा न्हाय." मग हसली, "एवढं जळतंय तरी तुमचा धंदा काय जळंना."

मी भट्टीच्या मालकाकडं गेलो आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. विकणाऱ्यानं आपली घाई कधी सांगू नये. मी सांगितली. वर खरं कारणही सांगितलं. त्यानं अर्ध्या भावावरून सुरुवात केली आणि मातीच्या मोलावर आणून सोडलं. मी कबूल झाल्यावर म्हणतो कसा, "आणि वर काय घालता, शेट?" तिथं बसलेली चार माणसं पोट धरून हसली.

तेवढंही मी गिळलं असतं. पण त्या माणसानं पुढं आठवड्याच्या बाजारात सांगत सुटावं, की हा कोल्हापूरचा शेट किडकं लाकूड विकतो? मी त्याला खरं सांगितलं, आणि त्यानं त्याचीच काडी करून माझ्या नावाला लावली. दोन वर्षं आजऱ्यात माझ्या लाकडाला नावं ठेवली गेली. आणि नंतर रोठ्याची गोष्ट निघाली की हाच मिशीवर ताव देऊन सांगायचा, "माझ्या भट्टीनं तालुका वाचवला." त्याच्याशी मी आजतागायत बोललेलो नाही. त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली होती, तीही मी उघडली नाही. हा राग माझ्याबरोबरच जाईल. एवढं मात्र कबूल करतो, की त्या दिवशी त्यानं भट्टी विझू दिली नाही आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं खोड आत गेलं.

इकडं बुंधे आम्ही मुरमाच्या जुन्या खड्ड्यात टाकून पेटवले. आक्का कोयता घेऊन कडेला उभी होती. उष्णतेनं एखादा भुंगा बाहेर आला, की कोयत्याची पाठ बसलीच. एवढ्यावर ती थांबली नाही. लाकडं रचली होती ती जमीन तिनं झाडून घेतली. ट्रकचे फाळके उघडायला लावून फळ्यांमधला भुसा चाचांकडून काढून घेतला. बागेतल्या सगळ्या ढलप्या आणि सालीही आणून खड्ड्यात घातल्या. झाडांचे बुंधे उघडे पडले, आता उन्हाळ्यात ओल कशी धरणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "घागर हाय की."

धूर बघून माणसं जमली. एक जण म्हणाला, "शेट, होळी हून गेली की!"

चाचा चारचौघांत कधी उत्तर देत नसत. त्या दिवशी म्हणाले, "आमच्या शेटची लेट असतीया." आक्का एवढी हसली, की तिला खोकला आला.

तो उरलेला उन्हाळा मी हमाल लावून तिच्या झाडांना पाणी घातलं. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. मला पाणी घालण्यापेक्षा प्रत्येक वेळी एकच विचारायचं असायचं, "काय दिसलं?" ती म्हणायची, "आजून न्हाय." पावसाळा गेला. दिवाळी झाली. आणि एक दिवस चाचा आजऱ्याहून येऊन कोल्हापूरच्या वखारीत उभे राहिले. "आक्कानं निरोप दिलाय. कडंच्या झाडाला भुसा आलाय."

मी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून निघालो. वाटेत ठरवत होतो, ती काय बोलेल आणि आपण मुकाट्यानं कसं ऐकून घ्यायचं. ती झाडाखाली बसली होती. मला बघून म्हणाली, "या. पावण्याचा पावणा गावलाय."

तिच्या हातात मोडक्या छत्रीची काडी होती, टोकाला आकडा केलेली. बुंध्याशी भुशाचं छोटं भोक होतं. तिनं कोयत्यानं साल थोडीच तासली, भोक मोकळं केलं आणि काडी आत घालून अलगद ओढली. पहिली अळी निघाली. मग काडी माझ्या हातात दिली. "आता तुमी काढा. आणलासा तुमी."

दुसरी मी काढली. एवढं मोठं झाड आणि माझ्या वर मागण्याचा तो किडा त्याच्या पोटात. जखम साफ करून आम्ही तिथं डांबर फासलं. त्याच भुंग्याची पिलावळ होती की दुसऱ्या कुठल्या, देव जाणे. दुसऱ्या झाडाला काही निघालं नाही. त्या साली नाही आणि पुढच्याही नाही. कडेचं झाड एका बाजूनं वाळलं, पण दुसरी बाजू हिरवी राहिली आणि पुन्हा धरायला लागली.

त्यानंतरच्या फाल्गुनात मी मुद्दाम घाटाखाली त्या बागायतदाराला शिव्या द्यायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "मिया सांगलेलंय ना तुमका, हयच जाळूक व्हया." खरंच सांगितलं होतं. तेव्हा मी भाव करत होतो. त्या दिवशी शिव्या तोंडातच राहिल्या आणि मी त्याच्या गावाजवळच्या कौलांच्या भट्टीवाल्याशी बोललो. मेलेली झाडं तोडली की त्याच आठवड्यात तिथंच भट्टीत जातील अशी सोय लावून दिली. मधल्यामध्ये माझंही थोडं सुटलं, ते मी नाकारत नाही.

घाटाखालचं लाकूड मात्र पुन्हा कधी वर आणलं नाही. आजऱ्याच्या भट्ट्यांना आजऱ्याचं लाकूड, कोल्हापूरच्या वखारीला जवळपासचं, तेही सोललेलं आणि वाळलेलं. माल बघायला गेलो की मी आधी बुंध्याशी बसायचो, भुसा आहे का बघायचो, साल उचकटून बघायचो. बाजारातले लोक हसायचे, "शेट लाकडाची नाडी बघत्यात." घरचे सौंदत्तीच्या यात्रेला निघाले, की एसटीच्या टपावर नैवेद्य शिजवायला लाकडाचा भारा बांधायची आणि उरलेली लाकडं परत आणायची आमची जुनी रीत. तीही मी मोडली. तिथं महाग मिळतं, तरी तिथलंच घ्यायला लावलं. बायको म्हणाली, "तुमीच म्हणताय हे?" चाचा ट्रक रिकामा घेऊन घाट चढायचे आणि मी पूर्वीसारखाच डिझेलचा हिशेब मांडत बसायचो. ते कधी गेलं नाही.

वर काय घालता, हे विचारणं मात्र सुटलं. सुटलं म्हणजे तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं.

ऐंशीनंतर घरोघर गॅस आला, बंब माळ्यावर गेले, माझी वखार आटत गेली. आजऱ्याची जागाही मी सोडली. तरी दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीनंतर आक्काकडं जायचो. चाचा थकले होते, तरी बरोबर यायचे. जगात मला कुणी फुकट काही दिलं नाही असं मी पूर्वी मोठ्या आवाजात सांगायचो. आता सांगत नाही. त्या बाईनं माझं लाकूड अडवलं, माझी अब्रू चार हमालांसमोर उघडी केली, आणि माझ्या हातून आणखी किती गावांच्या बागा गेल्या असत्या ते पाप माझ्या माथी येऊ दिलं नाही. त्याबद्दल तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. मी आभार मानायला गेलो, तर म्हणायची, "आदी झाडं बगा."

शेवटची भेट आठवते. तिला नीट दिसत नव्हतं. बाग भाचा बघायचा. ती कडेच्या झाडाखाली गोणपाट टाकून बसली होती, मी एकेका बुंध्याशी गुडघे टेकत येत होतो. माझेही गुडघे आता कुरकुरायचे. शेवटी तिच्या झाडाशी आलो. डांबराच्या जुन्या डागाभोवती बोटानं माती उकरली. माती कोरडी, स्वच्छ.

"न्हाय काय, आक्का."

तिनं काळं बोट माझ्या खांद्यावर ठेवलं.

"नीट बगा, पावणं."

मी पुन्हा खाली वाकलो.